पालकसभेला माणसं यायला हवीत, तर

आमचं गाव दक्षिण सोलापुरात, कर्नाटकाच्या अंगाला. शाळा जिल्हा परिषदेची, चौथीपर्यंत. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्यानं शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश पालक लागतात, आणि सभासदांत निम्म्या बायका. त्या निम्म्यात मला धरलं.

पहिल्या सभेला सातजण. ठेवली कधी, तर फेब्रुवारीत सकाळी अकराला, ऐन ज्वारीच्या काढणीत! उरलेल्यांच्या सह्या मग पोरांनी घरोघर वही फिरवून आणल्या. त्याआधी एकदा मीही चुलीपुढं बसून तशीच सही ठोकली होती. हे आधी बंद करा. घरबसल्या सही होते म्हटल्यावर सभेला कोण कशाला येतंय?

दिवस बाजाराचा धरा. त्या दिवशी शेतात मजूर नसतो. वेळ दुपारी चारची, म्हणजे बाया बाजार करून परतलेल्या असतात आणि सोलापूरहून येणाऱ्या बाईंची एसटीही चुकत नाही.

चिठ्ठीवर भरवसा नको, ती दप्तराच्या तळाशी चुरगळते. दारात जाऊन सांगा, ज्याच्या त्याच्या बोलीत. आमच्याकडं निम्म्या घरांत कन्नड, तिथं ‘सालिगी बर्री’, म्हणजे शाळेला या, म्हटलं की माणूस हसतो आणि येतो. आणि ‘विविध विषयांवर चर्चा’ असलं काही सांगू नका. आम्ही सांगितलं, मुलींच्या संडासात पाणी येत नाही, बघायला या. तेवीसजण आले. त्यात एक पाण्याच्या मोटारी दुरुस्त करणारा. टाकी काठोकाठ आणि नळ कोरडा बघून त्यानं खालचा पाइप खोलला. आत शेवाळ, आणि त्यात गुंडाळलेलं कुरकुऱ्यांचं पाकीट. पाच महिने आम्ही वर अर्ज करत होतो! तोंडाला जाळी बसवली, झालं.

पाठ्यपुस्तकांत क्यूआर कोड आणणाऱ्या परितेवाडीच्या डिसले गुरुजींना 2020 साली ग्लोबल टीचर प्राइझ मिळालं, तेव्हापासून आमच्या सभेत कुणीतरी क्यूआर कोडचं काढतंच. काढू दे. आधी नळ.

खिचडीची चव घ्यायला रोज एक आई बोलवा, पाळीपाळीनं. चव नोंदवहीत ती मीठ कमी का जास्त ते लिहील, पण जाता जाता वर्गात डोकावेल, तेच खरं काम. आमच्यातली एक जण विड्या वळायचं सूप मांडीवर घेऊनच व्हरांड्यात बसायची.

पैशाचं पहिल्याच सभेत काढू नका, मुख्याध्यापक बिचकतात. तिसऱ्या सभेला सरळ म्हणा, ‘गुरुजी, यंदाचं शाळा अनुदान किती आलं, कशाला गेलं, तेवढं वाचून दाखवा.’ त्यावर लक्ष ठेवणं कायद्यानंच समितीकडं दिलंय, तेव्हा आवाज चढवायची गरज नाही. लोकवर्गणी रोख घ्यायच्या भानगडीत पडू नका. पंखा देणाऱ्यानं पंखाच आणावा, त्याचं नाव वहीत चढवावं.

इतिवृत्त सभेतच लिहून तिथंच मोठ्यानं वाचा. कामापुढं नाव आणि तारीख हवी.

आणि चहा शेवटी द्या. आधी दिला की कप ठेवून माणसं उठतात.