‘गरीब आहे हो घोडी’

शेवंतीला पहिल्यांदा बघायला गेले, तेव्हा तिला सोडवून आणणाऱ्या संस्थेतला मुलगा म्हणाला, “एकदम गरीब आहे ताई, लहान पोरानं धरली तरी हलत नाही.” मला हायसं वाटलं. आता कुणी सोडवलेला घोडा पाळायचा म्हणून विचारायला आलं, की मी पहिल्यांदा हेच सांगते: उपाशी घोडा गरीबच असतो. चिडायलाही अंगात काहीतरी लागतं.

ती वरातीची घोडी. नागपूरच्या काटोल रोडवरच्या आमच्या शेतात टेम्पोतून उतरली, तेव्हा फासळ्या मोजता येत होत्या आणि पायांवर मेंदीचे केशरी पट्टे अजून पुसट दिसत होते. कागदावर वय 8 वर्षं. डॉक्टरांनी दात बघून 13-14 सांगितलं.

कागदावरून आठवलं. ग्लँडर्स या संसर्गजन्य रोगाच्या तपासणीचा अहवाल हातात आल्याशिवाय घोडा दारात घेऊ नका. हा रोग माणसालाही होतो, आणि घोडा पॉझिटिव्ह निघाला तर त्याच्यावर उपचार करत नाहीत, त्याला दयामरण देतात. नमुने हिसारच्या राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्रात तपासले जातात, त्यामुळे थोडी वाट बघावी लागते, बघा. घोडा पोलीस केसमधून जप्त केलेला असेल तर तो मुद्देमाल असतो, तुम्ही फक्त सांभाळणारे. तसं पत्र घ्या, नाहीतर जीव लावून बसाल आणि एक दिवस मूळ मालक दोरी घेऊन उभा राहील. धनुर्वाताची लस पहिल्याच भेटीत द्यायला सांगा. घोड्याला धनुर्वात चटकन होतो आणि खिळ्यापत्र्याची आपल्याकडे कमी नाही.

मग खाणं. घोडी आली हे कळल्यावर अर्धं गाव गूळ-हरभरा घेऊन आलं. प्रेमानंच, पण त्या प्रेमानं ती मेली असती. फार दिवस उपाशी राहिलेल्या जनावराला एकदम दाणा दिला, तर रक्तातल्या क्षारांचं गणित कोसळतं आणि हृदयच बंद पडू शकतं. पहिले दहा दिवस फक्त लसूणघास, मूठमूठ वाढवत, दिवसातून पाच-सहा वेळा. घोड्याला उलटी होत नाही. पोटात गेलेली चूक वर येत नाही, पोटशूळ होऊनच कळते. दाण्याचा तोबरा मी महिनाभर लपवून ठेवला होता.

सहाव्या आठवड्यात तिनं माझ्या दंडाचा चावा घेतला. दोन दिवसांनी खरारा करताना दुगाणी झाडली, ती बादलीवर बसली म्हणून मी हे लिहितेय. घरचे म्हणाले, लाडावून ठेवली. मलाही तसंच वाटलं होतं. आमच्याकडचे काका, ज्यांची हयात वरातीच्या घोड्यांमागे गेली, ते मात्र हसले. “पोट भरलं ना ताई, आता बोलून राह्यली ते.”

काय बोलत होती ते बघायला डॉक्टरांना बोलावलं. तोंडात जिभेवर जुना आडवा व्रण, हिरड्यांवर गाठी. काटेरी लगामाला 1965 च्या नियमांपासून बंदी आहे, पण हे काम त्याचंच. मागच्या दाढांना धारदार टोकं आली होती. घोड्याच्या दाढा आयुष्यभर वर सरकत राहतात आणि घासून घ्याव्या लागतात. पाठीवर खोगिराचा घाव वरून भरलेला, आतून दुखरा. दाढा घासल्या, पाठीला विश्रांती दिली, खूर कापून घेतले. (टांगे गेले तसे नालबंदही गेले. आमचा काकांच्या ओळखीनं मिळाला. दर सहा-आठ आठवड्यांनी तो येणार हे आधीच ठरवून घ्या.) एवढं झाल्यावर तिचा निम्मा ‘स्वभाव’ गेला.

उरलेला निम्मा गेला नाही, आणि खरी शिकवणी तिथून सुरू झाली. तिची म्हणत नाही, माझी. मोरकीची दोरी हलकी ताणायची. तिनं एक पाऊल जरी पुढे टाकलं तरी त्याच क्षणी ढील द्यायची. घोडा ताणण्यानं शिकत नाही, ढिलाईनं शिकतो. मी महिनाभर उलटं करत होते. ती अडली की ओढायची आणि आली की शाबासकी देण्याच्या नादात दोरी ताणलेलीच ठेवायची. समोरून किंवा मागून जाऊ नका, तिथे त्याला नीट दिसत नाही. खांद्याकडून, बोलत जा. पंधरा मिनिटं पुरे. आणि नवतपात, म्हणजे उन्हाळ्यातल्या सगळ्यात तापलेल्या नऊ दिवसांत, काहीच नको. 45 अंशांत आम्ही पहाटे साडेपाचला दोरी सोडून ठेवायचो. दिवसभर कडुनिंबाची सावली, मिठाचा खडा आणि पाणी, तेही तीस-चाळीस लिटरच्या वरच.

एप्रिलमध्ये रस्त्यावरून एक वरात गेली. हलगी वाजली आणि शेवंती जागच्या जागी पुढचे पाय उचलायला लागली, एक-दोन, एक-दोन. कुंपणाबाहेरची पोरं टाळ्या पिटायला लागली, “नाचते पाहा!” मी जवळ गेले तर अंग घामानं निथळत होतं, डोळ्यांचं पांढरं दिसत होतं. काका हळूच म्हणाले, “नाचून नाही राह्यली ताई, भेऊन राह्यली.”

त्यानंतर मोबाइलवर हलगी. आवाज इतका कमी की मलाच ऐकू येईना, मोबाइल शेताच्या दुसऱ्या टोकाला, आणि ती चारा खात असताना. मान वर झाली की बंद. आवाजाची एक पायरी चढायला कधी आठवडा लागला, कधी चढलेली पायरी उतरावी लागली. ‘एकदा जोरात ऐकवा, सवय होईल’ असं सांगणारे खूप भेटतील. त्यानं घोडा गप्प होतो हे खरं. पण ती पुन्हा तीच गरिबी, मी टेम्पोतून उतरवून घेतली होती ती.

लोक विचारतात, बसता कधी? बसत नाही. त्या पाठीवर आता काही ठेवायचं नाही असं डॉक्टरांनीच सांगितलंय. महिन्याला बारा-पंधरा हजार रुपये मी न बसण्यासाठी घालवते, हे माझ्या भावाला अजून पटलेलं नाही.

पहिल्या वर्षी तान्ह्या पोळ्याला तिला मागच्या गोठ्यात कोंडून ठेवलं होतं. दुसऱ्या वर्षी मोकळीच ठेवली, फाटकाजवळच. लाकडी बैल ओढत पोरं आली, सोबत एक डफडं, सूर-ताल काही नाही. शेवंतीनं मान वर केली, कान टवकारले. पुढचा उजवा पाय थोडा उचलला गेला. मी श्वास धरून उभी. तिनं पाय खाली ठेवला, वळली, आणि कुणालाही न विचारता शेताच्या पार टोकाला जाऊन पाठ फिरवून चरायला लागली.

“काऊन, नाचत नाही का हे?” एका पोरानं विचारलं.

“नाही,” काका म्हणाले, “तिले नाही आवडत.”