बातमीत 'विकृत मनोरुग्ण' लिहिलंय, ते वाचायचं कसं

परवा डोंबिवलीहून मामीचा फोन, "अगं तू सायकॉलॉजी केलंयस ना, मग सांग, असलं करणारा माणूस डोक्याने आजारीच असणार ना?" तिने पेपरात बलात्काराची बातमी वाचलेली आणि त्या एकाच बातमीत आरोपी नराधम पण, विकृत पण आणि मनोरुग्ण पण. तिला फोनवर जे सांगितलं तेच इथे जरा नीट लिहितेय.

आधी हे तीन शब्द सुटे करा. नराधम म्हणजे पेपरवाल्यांची लाडकी शिवी, विकृत म्हणजे आपला संताप. मनोरुग्ण हा मात्र दावा आहे, म्हणून तो कोण करतंय ते बातमीत शोधायचं, पोलीस, शेजारी, वकील का सायकिअॅट्रिस्ट. शेजारी म्हणत असेल तर पुढे जा.

डॉक्टरच म्हणत असेल तर निदान कुठलं ते बघा. जगात मुख्य याद्या दोन, अमेरिकेतल्या डॉक्टरांची डीएसएम आणि जागतिक आरोग्य संघटनेची आयसीडी. आपल्या २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याच्या कलम ३ मध्ये आयसीडीच्या ताज्या आवृत्तीचं नाव आहे, त्यामुळे आपण आयसीडी-११ उघडायची. ती १ जानेवारी २०२२ पासून लागू आहे आणि ऑनलाइन फुकट वाचता येते, फक्त कोड टाकायचा. ६डी३३ म्हणजे जबरदस्तीच्या लैंगिक क्रौर्याचा विकार आणि ६डी३४ म्हणजे गर्दीत अंगाला अंग घासण्याचा, हो, आपल्या लोकलमधला तोच प्रकार, त्याला रीतसर कोड आहे.

आता ६डी३३ चं वर्णन वाचताना घाई करू नका. पहिली गोष्ट, ओढ सतत टिकणारी आणि तीव्र हवी, एकदा घडलेल्या घटनेवरून निदान होत नाही. दुसरी, संमती. समोरच्याची संमती नाही आणि त्याला त्रास होतोय, यातूनच उत्तेजना येते, असा तो पॅटर्न हवा. दोन सज्ञान माणसं आपखुशीने काही करत असतील तर ते ६डी३३ मध्ये येतच नाही, तिथे तसं स्पष्ट लिहिलंय. जुन्या आयसीडी-१० मध्ये एफ६५.५ खाली संमतीचं आणि बिनसंमतीचं एकाच टोपलीत होतं, ते नव्यात सुटं केलं. तिसरी गोष्ट, माणसाने तसं कृत्य केलेलं असावं किंवा त्या विचारांनी तो स्वतः प्रचंड हैराण असावा.

इथेच मामी अडली, "म्हणजे बलात्कार हा आजार नाही?" नाही. बलात्कार हे कृत्य आहे, गुन्हा आहे, आणि करणाऱ्यांत सत्ता गाजवणारे, सूड उगवणारे, संधी साधणारे, दारूचं निमित्त करणारे असे सगळे असतात, त्यातल्या बऱ्याच जणांना यातलं कुठलंच निदान लागू होत नाही. त्याला वेगळा विकार म्हणून यादीत घालायचा प्रयत्न मात्र झालाय, १९८० च्या दशकात डीएसएमच्या सुधारित आवृत्तीसाठी प्रस्ताव आला, स्त्री संघटना खवळल्या कारण उद्या कोर्टात 'माझा अशील आजारी' म्हणायला वाट मोकळी, आणि तो बारगळला. २०१३ च्या डीएसएम-५ च्या वेळी पुन्हा आला, पुन्हा बाहेर. तेव्हाची भीती उलटी पण होती, अमेरिकेतल्या काही राज्यांत शिक्षा संपल्यावरसुद्धा विकाराच्या नावावर माणसाला डांबून ठेवता येतं आणि तिथल्या सुप्रीम कोर्टाने १९९७ मध्ये ते चालवून घेतलंय, मग अशा ढिसाळ लेबलाने कुणालाही अडकवता आलं असतं. मला विचाराल तर दोन्ही वेळा नकार बरोबर होता.

आणि निदान खरंच असलं म्हणून आरोपी सुटतो का, तर तेही नाही. भारतीय न्याय संहितेचं कलम २२ विचारतं की त्या क्षणी, मन ठिकाणावर नसल्यामुळे, आपण काय करतोय किंवा ते चूक आहे, बेकायदा आहे, हे समजायची कुवतच नव्हती का. ६डी३३ चा कोड एकट्याने हे सिद्ध करत नाही. जागा हेरून, एकटी गाठून, नंतर पळून गेलेल्या माणसाला काय ते समजत होतंच ना.

हा कोड दुसऱ्यांना चिकटवत बसू नका. पण स्वतःच्याच डोक्यात असले विचार येऊन कुणी घाबरलं असेल तर मुंबईत केईएम, नायर, सायन हॉस्पिटलला मानसोपचार ओपीडी आहे, काही करून बसायच्या आधी जावं, फोनवर बोलायचं तर १४४१६, टेलिमानस ही मानसिक आरोग्याची हेल्पलाइन.

मामीचा शेवटचा प्रश्न, "आणि ट्रेनमध्ये कुणी घासलं तर मी काय कोड बघत बसू?" अजिबात नको, मोठ्याने ओरड आणि १५१२ ला रेल्वे पोलिसांना फोन लाव, त्यासाठी न्याय संहितेचं कलम ७४ आहे, एक ते पाच वर्षं.