सर्चवरून येणारं ट्रॅफिक: पडलं म्हणजे नक्की काय पडलं?

साइटवर येणारं ट्रॅफिक पडलं म्हणून बोंब मारायच्या आधी ते फोडून बघा, एकूण आकड्यावरून काहीच कळत नाही. इथे बोलतोय ते ऑरगॅनिक ट्रॅफिकबद्दल, म्हणजे सर्चच्या रिझल्टमधल्या बिनपैशाच्या लिंकवर क्लिक करून आलेली माणसं, जाहिरातीवरून किंवा कोणी फॉरवर्ड केलेल्या लिंकवरून आलेली यात धरायची नाहीत.

गूगल ॲनालिटिक्समध्ये (साइटवर कोण, कुठून आलं ते मोजणारं टूल) ऑरगॅनिक सर्च असा चॅनल, म्हणजे येण्याचा मार्ग, दिसतो, पण लोक काय टाइप करून आले ते तिथे कळत नाही, कारण गूगलने २०११ मध्ये सर्च एनक्रिप्ट करायला, म्हणजे कुलूपबंद करायला, घेतलं आणि हळूहळू ते शब्द साइटपर्यंत पोचायचेच बंद झाले. त्यासाठी सर्च कन्सोल जोडा, तुमची साइट सर्चमध्ये कशी दिसते ते सांगणारं गूगलचंच टूल, फुकट आहे, साइट तुमचीच आहे एवढं सिद्ध करावं लागतं. तिथे मागचे १६ महिनेच दिसतात, त्यामुळे जुनं हवं असेल तर वेळच्या वेळी एक्स्पोर्ट करून ठेवा. आणि हो, कन्सोलचे क्लिक्स आणि ॲनालिटिक्सचे सेशन्स (साइटला दिलेल्या भेटी) कधीच जुळत नाहीत, मोजायची पद्धतच वेगळी आहे, मी यात दोन रात्री घालवल्यात, तुम्ही घालवू नका.

आता कन्सोलमधला परफॉर्मन्स रिपोर्ट उघडा आणि वरचे चारही डबे चालू करा: क्लिक्स, इम्प्रेशन्स (रिझल्टमध्ये तुमची लिंक किती वेळा दिसली), सीटीआर (दिसली त्यातल्या किती टक्के वेळा क्लिक झालं), सरासरी पोझिशन (रिझल्टमध्ये कितव्या नंबरला). मग तुलना लावा, पण मागच्या महिन्याशी नाही, मागच्या वर्षीच्या याच दिवसांशी, नाहीतर सीझनचा उतारसुद्धा तुम्हाला गूगलने दिलेली शिक्षा (पेनल्टी) वाटेल. पोझिशन तीच आणि इम्प्रेशन्स कमी झालेत? मग बहुतेक लोकच ते कमी शोधतायत, तुमचं काही चुकलेलं नाही. पोझिशन आणि इम्प्रेशन्स दोन्ही जागेवर, फक्त क्लिक्स गेले, तर तो शब्द स्वतः सर्च करून बघा, वरती एआयचं उत्तर नाहीतर जाहिराती येऊन बसल्या असतील आणि तुमची लिंक खाली ढकलली गेली असेल. पोझिशनच घसरली असेल तर मात्र पुढे कोण गेलं आणि त्यांच्या पानात काय जास्त आहे ते वाचायला बसा, त्याला शॉर्टकट नाही.

सरासरी पोझिशनचा एक घोळ आहे. समजा एका शब्दावर तुम्ही ४ नंबरला होतात, अजूनही आहात, पण नव्या लेखामुळे दुसऱ्या एका शब्दावर ४० नंबरला दिसायला लागलात. दोन्हीची इम्प्रेशन्स सारखी असतील तर सरासरी थेट २२! बघणाऱ्याच्या पोटात गोळा येतो, आणि खरं तर क्लिक एकही कमी झालेला नाही. म्हणून पोझिशन नेहमी एकेका शब्दाची बघायची, अख्ख्या साइटची नाही.

दुसरी फोड नावाची. क्वेरी, म्हणजे लोकांनी टाइप केलेले शब्द, त्याच्या फिल्टरमध्ये तुमच्या साइटचं नाव वगळा, लोक ते चुकीच्या स्पेलिंगनेही टाइप करतात म्हणून रेजेक्स (एकाच पॅटर्नमध्ये सगळी स्पेलिंगं पकडायची पद्धत) वापरलेलं बरं. उरतं ते खरं कमावलेलं ट्रॅफिक, नाव टाकून येणारे तर तुम्हाला आधीच ओळखत होते. नाववाले आणि बिननाववाले मिळून बेरीज एकूण क्लिक्सपेक्षा कमी भरेल, घाबरू नका, अगदी मोजक्या लोकांनी शोधलेले शब्द गूगल प्रायव्हसीसाठी लपवतं आणि फिल्टर लावला की ते गळतात.

एखादं पान अचानक शून्यावर आलं असेल तर ही सगळी फोड बाजूला ठेवा आणि त्याची यूआरएल, म्हणजे पानाचा पत्ता, कन्सोलच्या यूआरएल तपासणीत टाका. नवीन डिझाइन चढवताना मी एकदा नोइंडेक्स टॅग (हे पान सर्चमध्ये दाखवू नका अशी गूगलला सूचना) तसाच काढायला विसरलो होतो आणि आठवडाभर गूगलच्या अल्गोरिदमला शिव्या घालत बसलो. आणि ग्राफचं उजवं टोक खाली गेलेलं दिसलं तर आधी तारीख बघा, शेवटच्या दोन-तीन दिवसांचा डेटा अजून पुरता आलेलाच नसतो.