पेंटिंग वर्कशॉप आणि वाईन टेस्टिंग एकाच दिवसात? पलूस-तासगावकडं येताना या चुका टाळा

फेब्रुवारी लागला की पुण्या-मुंबईच्या मैत्रिणींचे मेसेज सुरू होतात, "अगं तुमच्या सांगलीकडं द्राक्षं आहेत ना, मग पेंटिंग आणि वाईन टेस्टिंग असं एका दिवसात बसवूया की." बसतंय, छान बसतंय. मी आत्तापर्यंत चार वेळा केलंय आणि या वर्षी पण करणार आहे. पण पहिल्या दोन वेळेला इतकं चुकलं की घरी आणलेलं चित्र कुणाला दाखवावंसं वाटलं नाही आणि वाईन कुठली चांगली होती तेही कुणाला सांगता आलं नाही. सात-आठ माणसं, दोन गाड्या, सुट्टी काढून आलेली, त्यांचा दिवस वाया गेला की फार वाईट वाटतं हो. म्हणून लिहून काढलं.

आधी ग्लास, मग ब्रश

ही सगळ्यात मोठी चूक आणि हीच सगळ्यात जास्त लोक करतात. आम्ही पहिल्यांदा गेलो त्या ठिकाणी (नाव नको) सकाळी अकरालाच हातात वेलकम ग्लास दिला, म्हणाले थोडी घेतली की हात मोकळा चालतो, भीती जाते. भीती जाती हे खरं आहे पण त्याच्याबरोबर धीर पण जातो, आणि वॉटरकलर म्हणजे निम्मं काम धीराचंच. पहिला वॉश, म्हणजे रंगाचा पातळ पाणीदार थर, वाळायच्या आत दुसरा लावला की रंग एकमेकात घुसून चिखल होतो, आमच्या सातपैकी पाच जणांचा तसाच झाला. वाईनचं पण नुकसानच, कारण ब्रश चालवता चालवता घोट घेतला की वासाकडं लक्षच राहत नाही, नुसतं पोटात जातं.

आता आम्ही सरळ असं ठेवतो: साडेसात-आठला बागेत, साडेदहा-अकरापर्यंत चित्र, मग सावलीत बसून जेवण, थोडी विश्रांती, आणि टेस्टिंग चारनंतर. सकाळचं ऊन तिरकं असतं, पानांच्या सावल्या लांब पडतात, घडाच्या एका बाजूला उजेड आणि एका बाजूला गडद असं स्पष्ट दिसतं. बाराला सगळं सपाट होतं, मग कितीही चांगला सर असू दे, काढायला काही उरत नाही. चित्र संपवून बसलं की वाईनला पण शांतपणे वेळ देता येतो.

अजून एक हिशोब सांगते, कारण "टेस्टिंग म्हणजे काय, चार थेंब" असं सगळ्यांना वाटतं. एका वाईनचे ४० मिली धरले आणि पाच प्रकार चाखले तर झाले २०० मिली. साधारण १३ टक्के अल्कोहोल धरलं तर त्यात २६ मिली अल्कोहोल जातं, म्हणजे व्हिस्कीचे ३० मिलीवाले दोन पेग झाले की. म्हणून थुंकायला भांडं मागा, लाजायचं काही कारण नाही, वाईनवाले स्वतः तसंच करतात.

द्राक्षाची बाग दिसली म्हणजे वाईन मिळणार असं नाही

तासगाव, कवठेमहांकाळ, मिरज, पलूस, जिकडं बघाल तिकडं मांडव दिसतात, पण त्यातली बहुतेक द्राक्षं खायची आणि बेदाण्याची. थॉमसन, सोनाका, तास-ए-गणेश, ह्या सगळ्या बिनबियाच्या जाती, आणि तास-ए-गणेश तर तासगाव भागातलीच. वाईनचं द्राक्ष वेगळं असतं, मणी बारीक, साल जाड, आत बी. रेडचा रंग आणि तो तुरटपणा त्या साल-बियांतनंच येतो. कॅबरने सोव्हिन्यॉं, शिराज, शेनिन ब्लॉं ही नावं ऐकली असतील. राज्य सरकारनं २००१ मध्ये द्राक्ष प्रक्रिया धोरण आणलं आणि त्यातनं नाशिककडं विंचूरला आणि आपल्याकडं पलूसला वाईन पार्क, म्हणजे वायनरींसाठीची औद्योगिक वसाहत, झालं. पण पार्क आहे म्हणून कुठल्याही गेटवर जाऊन उभं राहिलं की ग्लास भरून देतील असं होत नाही. आठवडाभर आधी फोन करा आणि तीन गोष्टी विचारा: टेस्टिंग चालू आहे का, लायसन आहे का, आणि वाईन इथल्या द्राक्षांची आहे का बाहेरून आणलेली. तिसरा प्रश्न लोक विसरतात आणि मग लोकल म्हणून भलतंच पिऊन येतात. बाग आणि वायनरी ही दोन वेगळी ठिकाणं असली तरी चालतंय, आम्ही चित्र तासगावकडच्या एका ओळखीच्या काकांच्या बागेत काढतो आणि टेस्टिंगला दुसरीकडं जातो.

सीझन चुकला

गेल्या वर्षी एका ताईंनी दिवाळीच्या सुट्टीत ग्रुप आणला आणि घड कुठायत म्हणून विचारायला लागल्या. ऑक्टोबरला गोडी छाटणी, म्हणजे फळासाठीची छाटणी होते, त्यानंतर फुटवे येतात, दिवाळीत दिसणार ती कोवळी पानं नाहीतर नुकती फुलोऱ्यातली बाग. घड भरलेले बघायचे तर जानेवारी शेवट ते मार्च. एप्रिलला खरड छाटणी झाली की नुसत्या काड्या. पावसाळ्यात बाग हिरवीगार असते, पण फळ नसतं, आणि कृष्णेला पाणी वाढलं की रस्ते बंद व्हायची भीती वेगळी. आणि आतमध्ये जायच्या आधी फवारणी कधी झाली ते विचाराच, विचारल्याशिवाय मणी तोडून तोंडात टाकू नका.

नाकाचा विचार कुणीच करत नाही

वाईनची अर्धी चव नाकात असते. आता त्याच टेबलावर कुणी ऑइल पेंट आणि टर्पेंटाइन उघडून बसलं तर संपलंच, शिराज असो नाहीतर साधा द्राक्षरस, सगळ्याला टर्पेंटाइनचाच वास. म्हणून या ट्रिपला ऑइल नकोच, वॉटरकलर नाहीतर ॲक्रिलिक घ्या. ऑइल वाळायला दिवस लागतात, ओलं कॅनव्हास गाडीतनं न्यायचं म्हणजे वेगळीच कटकट. डिओ, सॅनिटायझर, सिगरेट, जेवणानंतरचं पान, हे सगळं टेस्टिंगच्या आधी तासभर तरी बंद. आणि मोगऱ्याचा गजरा! माझी नणंद एवढा सुंदर गजरा माळून आली होती, आमच्या अख्ख्या टेबलाला त्या दिवशी व्हाइट वाईनमध्ये मोगराच लागला. शेवटी ओल्या रुमालात गुंडाळून गाडीत ठेवला, संध्याकाळी परत माळला.

वाईन खरंच खराब असली तर कसं ओळखायचं? भिजलेल्या पुठ्ठ्यासारखा, कुबट वास आला तर बुचाचा दोष आहे, व्हिनेगर किंवा नेलपॉलिशसारखा आला तर बिघडलेली आहे. गप्प बसून पिऊ नका, सांगा, दुसरी बाटली उघडतील.

कागद, रंग आणि तो घड

"मटेरियल इन्क्लुडेड" ह्या दोन शब्दांवर विसंबू नका. एका वर्कशॉपला आम्हाला ड्रॉइंग शीटसारखा पातळ कागद दिला, पाणी लागताच पापडासारखा वाकडा झाला. कागद ३०० जीएसएम (म्हणजे जाड, वजनदार) आहे का ते बुकिंगच्या आधी विचारा, नसेल तर आपला घेऊन जा. पातळच मिळाला तर चारी बाजूंनी मास्किंग टेपनं बोर्डला चिकटवा आणि पाणी कमी वापरा, बरंच सावरतं. ॲक्रिलिक असेल तर आपल्याकडच्या मार्चच्या उन्हात रंग पॅलेटवरच सुकतो, त्याला ओला टिश्यू अंथरून त्यावर रंग काढा आणि मधूनमधून स्प्रे मारा. कपड्यावर ॲक्रिलिक पडलं तर तेव्हाच धुवा, सुकलं की ते प्लास्टिक झालं, निघत नाही. रेड वाईन सांडली तर घासू नका, टिपून घ्या आणि गार पाणी.

घड काढताना सगळेच एक एक मणी गोल गोल काढत बसतात, मी पण तसंच करायची. मग तो घड न दिसता गोट्यांचा ढीग दिसतो. काका एकदा शेजारी येऊन उभे राहिले, मी घड हातात धरून बघणार तेवढ्यात म्हणाले, "ताई, हात लावू नका, पावडर जाती." तेव्हा पहिल्यांदा नीट बघितलं. मण्यावर एक पांढरट, धुरकट थर असतो, मेणाचा, आणि जिथं बोट लागलं तिथं तो पुसून मणी एकदम चकचकीत दिसतो. त्या थरामुळंच द्राक्ष ताजं दिसतं, आणि चित्रात पण तोच आणायचा. जांभळ्यावर सरळ पांढरा फासला की खडूसारखं दिसतं. आधी फिकट निळसर-करडा वॉश सगळ्या घडाला एकदम द्या, तो पूर्ण वाळू द्या, मग फक्त मण्यांच्या मधल्या सांदीत गडद रंग भरा आणि दोन-तीनच मण्यांवर चमक ठेवा. बाकीचे डोळा स्वतः पूर्ण करतो. एवढं जमलं की पुढं पान, मांडवाची तार, सगळं सोपं जातं.

वाईननं चित्र काढायचं असेल तर

हल्ली हे पण करतात, रेड वाईनमध्ये ब्रश बुडवून चित्र. करा, मस्त वाटतं, फक्त लालभडक चित्र मिळेल अशी अपेक्षा ठेवू नका. वाईनचा रंग आंबटपणावर टिकतो, आणि चांगल्या वॉटरकलर कागदात बहुतेक वेळा खडूचा अंश असतो, त्यामुळं लाल लावलं की बघता बघता निळसर-करडं होतं. लोक घाबरतात, वाईनमध्ये भेसळ आहे म्हणतात, तसं काही नसतं. त्याचाच उपयोग करा: एका वाटीत लिंबाचा रस, एका वाटीत खायच्या सोड्याचं पाणी. लिंबाचा ब्रश फिरवला की गुलाबी होतं, सोड्याचा फिरवला की निळसर हिरवट. रंग फारच फिका येत असेल तर थोडी वाईन आदल्या दिवशी मंद गॅसवर आटवून निम्मी करून न्या. आणि रंगाची वाटी आणि प्यायचा ग्लास दोन टेबलांवर ठेवा, एकाच ठिकाणी ठेवले की ब्रश चुकीच्या ग्लासात जातोच, आणि काही रंगांत कॅडमियम, कोबाल्ट असतं, ते पोटात जाऊन चालणार नाही. ब्रशचं टोक ओठात धरून नीट करायची सवय असेल तर ती पण सोडा.

खाणं आणि ऊन

उपाशीपोटी टेस्टिंग नको हे सगळ्यांना माहितीय, पण काय खायचं ते चुकतं. झणझणीत मिसळ किंवा तांबडा-पांढरा हाणून वाईनला बसलात तर तिखटामुळं अल्कोहोल जास्त जळजळतं आणि रेडचा तुरटपणा नुसता कडू लागतो. जेवण साधं ठेवा, भाकरी, पिठलं, वांगं बेतानं. टेस्टिंगबरोबर भाजलेले शेंगदाणे, पनीर, बेदाणे. भडंग पाहिजेच असेल तर कमी तिखट घ्या आणि गार व्हाइटबरोबर खाऊन बघा, मला तरी फार आवडतं.

रेड वाईन रूम टेंपरेचरला प्यायची असं वाचून लोक तशीच उघडतात. ते रूम म्हणजे १६ ते १८ डिग्री, आपल्याकडं मार्चमध्ये दुपारी ३६-३७ असतं. बर्फाच्या बादलीत पंधरा-वीस मिनिटं ठेवायला सांगा. व्हाइट ८ ते १० ला. क्रम आधी व्हाइट, मग रोझे (गुलाबी वाईन), मग रेड, गोड वाईन शेवटी. उलटं केलं की व्हाइट पाण्यासारखी लागते. आणि विकत घेतलेल्या बाटल्या दुपारभर डिकीत ठेवू नका, जाताना शेवटी घ्या.

गाडी, परमिट आणि बरोबरची माणसं

ह्यात मी अजिबात सूट देत नाही. गाडी चालवणारा चाखणार नाही, नाहीतर ड्रायव्हर सांगायचा. १०० मिली रक्तात ३० मिलीग्रॅमच्या वर अल्कोहोल सापडलं की गुन्हा, पहिल्याच वेळेला १० हजारापर्यंत दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत तुरुंग, आणि वरचा दोन पेगचा हिशोब आठवा. पुण्याहून येणाऱ्यांनी रेल्वेनं यावं, पुणे-मिरज मार्गावर किर्लोस्करवाडी स्टेशन आहे, पलूस तिथून जवळ, पुढं रिक्षा नाहीतर ठरवलेली गाडी. आपल्या राज्यात प्यायला परमिट लागतं, एक दिवसाचं पण मिळतं, वायनरीत विचारा. २१ च्या आतल्या पोरांना चाखायला नाहीच. २६ जानेवारी, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर आणि मतदानाच्या आधीचे दिवस ड्राय डे, आणि २६ जानेवारीचा लाँग वीकेंड बघूनच लोक प्लॅन करतात! बाटलीचं बिल जपून ठेवा, कागवाडवरून कर्नाटकात जाणार असाल तर तिथले नियम वेगळे आहेत.

औदुंबर पलूस तालुक्यातच, त्यामुळं घाट आणि दत्तमंदिर बघायचा मोह होणारच. जा, सकाळी जा, घाटावर बसून स्केच करा, कृष्णेचं पाणी सकाळी फार शांत असतं. पण वाईन घेऊन तिकडं जायचं नाही, आणि शक्यतो गुरुवार टाळा, गर्दी पण असते आणि ग्रुपमध्ये कुणाचा ना कुणाचा उपास असतो. ग्रुप ठरवतानाच विचारून घ्या कोण पीत नाही, कोण गोळ्या घेतंय. न पिणाऱ्यांना नुसतं बसवून ठेवलं की त्यांना परकं वाटतं. आम्ही त्यांच्यासाठी बेदाण्याचं टेस्टिंग ठेवतो, हिरवा, पिवळा, काळा, तीन वाट्या, डोळे मिटून ओळखायचं. त्याच्या आधी बेदाणा शेडला पण जाऊन या, जाळीवर पसरलेली द्राक्षं सावलीत वाळायला १२ ते १५ दिवस लागतात आणि साधारण ४ किलो द्राक्षांचा १ किलो बेदाणा होतो. माझे सासरे वाईनला हात लावत नाहीत, पण त्या तीन वाट्यांसाठी दर वेळी पहिल्यांदा गाडीत बसतात.

दुसरा दिवस हातात असेल तर विट्यावरून औंधला जा. तिथलं श्री भवानी संग्रहालय औंध संस्थानचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी उभारलं, राजे स्वतः चित्रकार होते, आणि राजा रविवर्म्याची मूळ चित्रं तिथं जवळून बघता येतात. आदल्या दिवशी स्वतः रंगात हात घातलेला असला की त्या चित्रांतली कापडं, दागिने, कातडीवरचा उजेड वेगळाच दिसतो.

परत जाताना चित्र पूर्ण वाळल्याशिवाय गुंडाळू नका, दोन पुठ्ठ्यांत घालून सपाट ठेवा आणि बाटल्यांच्या वर तर अजिबात नको. वाईननं काढलेलं असेल तर त्याच दिवशी फोटो काढा, उन्हात लावलं की रंग तपकिरी होत जातो. माझं पहिलं स्वयंपाकघरात लावलंय, घड होता, आता जुन्या चहाच्या डागासारखा दिसतो, मागं पेन्सिलीनं तारीख आणि बागेचं गाव लिहिलंय.