इंदूरच्या रामबागेतलं घर रिकामं करण्याआधी

घर सोडायची तारीख ठरली की अटालेवाल्याला, म्हणजे भंगारवाल्याला, लगेच बोलावू नका. त्याचा नंबर सगळ्यात शेवटी. आमच्याकडे उलटं झालं. ट्रक दारात, निम्मे खोके उघडे, तेवढ्यात तो आला, सगळं एकाच काट्यावर घातलं आणि सासूबाईंचा तांब्याचा बंब लोखंडाच्या भावात गेला. तेव्हा महिनाभर आधी लागा. ज्या वस्तू कोण घेणार असं वाटतं, त्यांचेही घेणारे असतात. फक्त ते सामान हलवायच्या दिवशी दारात उभे नसतात.

सुरुवात धातूंपासून. एक लोहचुंबक घेऊन माळ्यावर चढा. तांबं, पितळ, अॅल्युमिनियम त्याला चिकटत नाही, एवढं कळलं तरी चार पोती वेगळी होतात. बंबाची लोखंडी जाळी काढा, कुकरची शिट्टी, रबर आणि दांडा काढा, मगच बर्तन बाजारात मोडीत द्या. ट्यूबलाइटचा जुना जड चोक फेकू नका, आत बहुधा तांब्याची तार निघते.

विरलेले शालू पोछ्याला काढायच्या आधी काठ बघा. खरी जर म्हणजे रेशमाच्या धाग्यावर गुंडाळलेली चांदीची तार आणि वर सोन्याचा मुलामा. नकलीत तांबं असतं, नाहीतर नुसती चकचकीत प्लास्टिकची पट्टी. तपासून घ्यायला सराफ्यात दिवसा जा. रात्री तिथे खाऊगल्ली भरते, तेव्हा गेलात तर भुट्ट्याचा कीस खाऊन परत याल. सुती लुगडी मात्र विकू नका, गोधडीला त्यांच्यासारखं कापड नाही.

कपाटावरची एक्स-रेची पाकिटंही काढा. फिल्मवर जे काळं दिसतं ते चांदीचे बारीक कण असतात, म्हणून त्या घेणारे वेगळे असतात. कागदावर छापलेल्या एक्स-रेला भाव नाही. डॉक्टरांना लागतील ते ठेवा, बाकीच्यांवरचं नाव कापून टाका. घरी कॉस्टिकने चांदी काढायचे व्हिडिओ पाहून कुणी उत्साहात येईल, त्याला चहा देऊन बसवा.

आता धोक्याचं सामान, इथे घाई नको. पाऱ्याचा थर्मामीटर, सीएफएल दिवे, ट्यूब न फोडता जुन्या टॉवेलात गुंडाळा. थर्मामीटर फुटलाच तर झाडू लावू नका, त्याने पारा आणखी पसरतो. खिडक्या उघडा, मुलांना बाहेर काढा, पत्त्याच्या पानाने थेंब एकत्र करून झाकणाच्या बाटलीत भरा. फुगलेली मोबाइलची बॅटरी दाबायची नाही, टोचायची नाही, इतर सामानात टाकायची नाही. इंदूरच्या कचरागाडीला सहा कप्पे असतात: ओला, सुका, प्लास्टिक, सॅनिटरी, घरगुती घातक आणि ई-कचरा. मुदत संपलेल्या गोळ्या, पारा, सीएफएल घातकमध्ये. बॅटरी गाडीवाल्याच्या हातात सांगून द्या. एकदम पोतं भरून नेऊ नका, रोज थोडं थोडं द्या.

डबा टीव्ही हे वेगळंच प्रकरण. अटालेवाल्याला आतलं तांबं हवं असतं आणि ते काढायला तो अंगणातच काच फोडतो. त्या काचेत शिसं असतं. टीव्ही आख्खाच ई-कचऱ्यात द्या, चार पैसे कमी मिळोत.

आजारपणाचं सामान पाहून जीव जड होतो, म्हणून ते मागे पडतं. वॉकर, कमोडची खुर्ची, हवेची गादी धुऊन, उन्हात वाळवून रुग्णोपयोगी साहित्य ठेवणाऱ्या एखाद्या मंडळाला द्या. आधी फोन करा, जागा नसली तर ते नाही म्हणतात. चष्म्यांना नंबराची चिठ्ठी लावा. श्रवणयंत्राचा सेल काढून ठेवा.

कॅसेटला भंगारात कुणी विचारत नाही. पण आधी एकदा वाजवा. आमच्या एका कॅसेटवर ‘मराठी नाट्यसंगीत’ लिहिलेलं होतं आणि आत निघाला आत्याबाईंचा आवाज, मधेच दुधवाल्याशी भांडतानाचा.

देवाच्या तसबिरी पिंपळाखाली किंवा कान्ह नदीच्या काठावर ठेवून यायची आपली जुनी सवय. त्याऐवजी काच आणि चौकट वेगळी करा, कागद बादलीत भिजवून लगदा करा आणि कुंडीत पुरा. तुळशीची असेल तर मनाला बरं वाटतं.

एवढं झाल्यावर अटालेवाला. घरचा ताणकाटा हातात ठेवा आणि बाहेर काय काढलंय तेवढंच दाखवा. पाटा-वरवंटा आणि जातं तो घेणार नाही, दगडाला भाव नसतो. त्यांच्याबद्दल आसपास विचारून ठेवा. आमचं जातं नव्या इमारतीच्या चौकीदाराची आई घेऊन गेली. खुंटा मोडलेला होता. ती म्हणाली, तो मी बसवते.