लॅपटॉप कायम चार्जरला असतो? मग बॅटरी ८० टक्क्यांवर थांबवा

टेबलावरून न हलणाऱ्या लॅपटॉपची बॅटरी दीड-दोन वर्षांत बसली, की दोष चार्जरला जातो. 'पिन काढत जा, ओव्हरचार्ज होते' हा सल्लाही लगेच मिळतो. पण ओव्हरचार्ज होत नाही. बॅटरी भरली की आतलं सर्किट चार्जिंग बंद करतं, लॅपटॉप थेट अडॅप्टरवर चालतो, आणि बहुतेक मॉडेल थोडे टक्के उतरल्याशिवाय पुन्हा चार्जिंग सुरूही करत नाहीत.

बॅटरी झिजते ती महिनोन् महिने काठोकाठ भरलेली राहिल्याने. लिथियम-आयन सेल पूर्ण भरला की साधारण ४.२ व्होल्टवर असतो, काही नव्या सेलमध्ये त्याहून थोडा वर. इतक्या व्होल्टेजला इलेक्ट्रोलाइट, म्हणजे सेलमधलं द्रावण, हळूहळू विघटित होतं, इलेक्ट्रोडवरचा थर जाड होतो आणि त्यात अडकलेलं लिथियम पुन्हा कामाला येत नाही. उष्णतेने हे सगळं कितीतरी वेगाने घडतं. म्हणून १०० टक्के चार्ज आणि तापलेला लॅपटॉप ही जोडगोळी सगळ्यात वाईट. गेम किंवा व्हिडिओ एडिटिंग करणाऱ्यांच्या बॅटरी लवकर जातात त्या यामुळेच. ८० टक्क्यांना तोच सेल ४ व्होल्टच्या आसपास असतो आणि झीज बरीच मंदावते.

तेव्हा पिन काढायची गरज नाही, मर्यादा घालायची गरज आहे. लेनोव्होमध्ये व्हँटेज ॲपमधला 'कन्झर्व्हेशन मोड' चालू करा. थिंकपॅडवर चार्जिंग कुठे सुरू व्हावं आणि कुठे थांबावं हे दोन्ही आकडे देता येतात, ७५ आणि ८० ठेवा. असूसच्या 'मायअसूस'मध्ये बॅटरीच्या विभागात ही सोय आहे. एचपीच्या बऱ्याच व्यावसायिक मॉडेलमध्ये ती बायोसमध्ये, म्हणजे विंडोज सुरू होण्याआधीच्या मूळ सेटिंगमध्ये असते: मशीन सुरू होताना एफ१० दाबा आणि 'बॅटरी हेल्थ मॅनेजर'मध्ये बॅटरीचं आयुष्य जपणारा पर्याय निवडा. डेलमध्ये एफ२ दाबून बायोसमध्ये जा; तिथे 'प्रायमरिली एसी यूज' किंवा स्वतःची मर्यादा देणारा 'कस्टम' पर्याय मिळेल. मॅकबुकमध्ये 'ऑप्टिमाइझ्ड बॅटरी चार्जिंग' बंद केलेलं नाही ना, एवढं पाहा. लिनक्सवर टीएलपी या बॅटरी सांभाळणाऱ्या प्रोग्रॅममध्ये मर्यादा देता येते, मात्र हार्डवेअरची साथ हवी. लॅपटॉप क्वचितच बाहेर जात असेल आणि ६० टक्क्यांचा पर्याय असेल, तर खुशाल ६० ठेवा. प्रवासाच्या आदल्या रात्री मर्यादा काढून १०० करा. एखाद्या दिवसाने काही बिघडत नाही.

मर्यादेची सोयच नसेल, तर दिवसातून दोनदा पिन काढ-घाल करण्यात अर्थ नाही. त्याने सायकल, म्हणजे बॅटरी वापरून पुन्हा भरण्याच्या फेऱ्या, वाढतात. ५० टक्के दोनदा वापरले की एक सायकल मोजली जाते, आणि साध्या बॅटरीचं आयुष्य ३०० ते ५०० सायकलचं धरतात. अशा वेळी सगळा भर तापमानावर द्या. लॅपटॉप गादीवर किंवा उशीवर नको, मागची कड थोडी उचलून ठेवा, पंख्याच्या जाळीतली धूळ साफ करा आणि लिहिण्या-वाचण्याच्या कामाला 'परफॉर्मन्स' मोड लावू नका.

बॅटरी काढता येते म्हणून काढून ठेवणंही फारसं फायद्याचं नाही. वीज गेली की न साठवलेलं काम जातं. शिवाय अचानक भार वाढला की अडॅप्टर एकटा पुरत नाही, म्हणून काही लॅपटॉप बॅटरीविना मुद्दाम प्रोसेसरचा वेग कमी करतात. कमी वॉटचा अडॅप्टरही टाळा. ६५ वॉट लागणाऱ्या मशीनला ४५ वॉटचा लावला, तर जड कामात तूट बॅटरीतून भरली जाते आणि चार्जिंगला असूनही सायकल वाढत राहतात.

झीज किती झाली ते विंडोजमध्ये असं पाहा. कमांड प्रॉम्प्ट उघडा. 'पॉवर'चं स्पेलिंग टाइप करून त्यालाच जोडून सी, एफ, जी ही अक्षरं लिहा. मग एक जागा सोडा, पुढे झुकलेली तिरकी रेघ द्या आणि तिला लागून 'बॅटरी' व 'रिपोर्ट' हे शब्द एकत्र लिहून एंटर दाबा. अहवालाची फाइल कुठे तयार झाली ते पडद्यावर दिसेल. त्यात 'फुल चार्ज कपॅसिटी'ला 'डिझाइन कपॅसिटी'ने भागा. ४१,००० भागिले ५०,००० म्हणजे ८२ टक्के क्षमता शिल्लक. हा आकडा थोडा वरखाली होतो, त्यामुळे एका दिवसाच्या आकड्याने घाबरू नका. दोन-तीन महिन्यांनी पुन्हा पाहून कल ओळखा.

बॅटरी कायम ८० वर राहिली की टक्के मोजणारं सर्किट कधी कधी चुकायला लागतं: ३० टक्के दिसत असताना लॅपटॉप अचानक बंद पडतो. तसं झालं तर एकदा १०० पर्यंत भरा, १० टक्क्यांपर्यंत वापरा, पुन्हा पूर्ण भरा आणि मर्यादा परत लावा. हे फक्त गरज पडली तरच. दर महिन्याला शून्यावर नेण्याची जुनी सवय निकेल बॅटरीच्या काळातली आहे, लिथियमला ती घातकच.

एक गोष्ट मात्र टाळून चालणार नाही. टचपॅड वर आला, त्याचं क्लिक घट्ट झालं, किंवा सपाट टेबलावर लॅपटॉप डुगडुगायला लागला, तर बॅटरी फुगली असण्याची दाट शक्यता आहे. आत गॅस साठलेला असतो. लगेच बंद करा, चार्जर काढा, दाबून बसवायचा किंवा टोचायचा प्रयत्न करू नका, आणि बॅटरी सर्व्हिस सेंटरमध्येच बदलून घ्या. जुनी बॅटरी घरच्या कचऱ्यात नाही, ई-कचऱ्यात द्या.