कमी बजेटचा लिनक्स गेमिंग पीसी: आधी खेळांची यादी, मग कार्ड

"कुठलं ग्राफिक्स कार्ड घेऊ?" असं मला कुणी विचारलं की मी उलट विचारते, "खेळणार काय?" विंडोजचा पीसी जोडताना हा प्रश्न मागे ढकलला तरी चालतो. लिनक्सवर तो पहिला, कारण बहुतेक गेम विंडोजसाठी बनतात आणि सगळेच इथे चालत नाहीत. बजेट आखडतं असेल तर एकही भाग विकत घेण्याआधी तुम्ही खरोखर खेळता ते दहा-बारा गेम कागदावर लिहा आणि एकेकाचं नाव प्रोटॉनडीबी या संकेतस्थळावर शोधा (प्रोटॉन म्हणजे विंडोजचे गेम लिनक्सवर चालवणारं सॉफ्टवेअर). तिथे खेळणाऱ्यांनी आपलं कार्ड आणि डिस्ट्रो (मिंट, फेडोरा असा लिनक्सचा प्रकार) सांगून अनुभव लिहिलेले असतात. वर दिसणाऱ्या गोल्ड-प्लॅटिनमच्या शिक्क्यावर थांबू नका, खाली उतरून गेल्या काही महिन्यांतले अनुभव वाचा. एका अपडेटने गेम चालू होतो तसा बंदही पडतो.

माझ्या भाच्याच्या यादीत सगळ्यात वर व्हॅलोरंट होतं. "मावशी, हे तर चालेलच ना?" नाही चालत. त्या गेमचं व्हॅनगार्ड हे अँटी-चीट, म्हणजे फसवून खेळणारे पकडणारं सॉफ्टवेअर, विंडोजच्या कर्नलमध्ये (गाभ्यात) बसून काम करतं, लिनक्सवर त्याला जागाच नाही. फोर्टनाइटचंही दार बंद आहे. एपेक्स लेजेंड्स बरीच वर्षं छान चालायचा, पण ऑक्टोबर २०२४ मध्ये त्याच्या निर्मात्यांनी लिनक्सवरून खेळणं बंद केलं. ईझी अँटी-चीट आणि बॅटलआय या दुसऱ्या दोन अँटी-चीटनी २०२१ पासून प्रोटॉनसाठी सोय ठेवली आहे, पण ती वापरायची की नाही हे प्रत्येक गेमचा निर्माता ठरवतो. म्हणून एल्डन रिंग ऑनलाइन खेळता येतो आणि दुसरा एखादा, तेच अँटी-चीट असूनही, दारातून परत पाठवतो. मित्रमंडळी रोज संध्याकाळी व्हॅलोरंटवरच जमत असतील तर हा पीसी जोडू नका, असं मी भाच्यालाही स्पष्ट सांगितलं. त्याने दोन दिवस विचार केला, यादी बदलली आणि काउंटर-स्ट्राइक २ वर आला. तो गेम थेट लिनक्ससाठीच बनलेला मिळतो.

बाकीचे बहुतेक गेम ज्याच्या जोरावर चालतात तो प्रोटॉन व्हॉल्व्हने (स्टीम हे गेमचं दुकान चालवणाऱ्या कंपनीने) ऑगस्ट २०१८ मध्ये आणला. त्याच्या पोटात १९९३ पासून घडत आलेलं, विंडोजचे प्रोग्रॅम चालवणारं वाइन आहे आणि डायरेक्टएक्स ९ ते ११ (विंडोजची ग्राफिक्सची भाषा) च्या आज्ञा व्हल्कन या लिनक्सवरही चालणाऱ्या ग्राफिक्सच्या भाषेत बदलणारं डीएक्सव्हीके आहे. डायरेक्टएक्स १२ साठी व्हीकेडीथ्रीडी-प्रोटॉन. एवढं सांगण्याचं कारण असं की जवळपास प्रत्येक विंडोज गेम शेवटी व्हल्कनच्या वाटेने कार्डापर्यंत पोचतो. तेव्हा कार्डाचा व्हल्कन ड्रायव्हर जितका चांगला, तितका तुमचा पीसी चांगला. बजेटचा मोठा वाटा कार्डावर टाका, असं मी म्हणते ते यामुळे.

आणि कार्ड एएमडीचं घ्या. त्याचा ड्रायव्हर लिनक्सच्या कर्नलमध्ये आणि मेसामध्ये (ग्राफिक्स ड्रायव्हरांच्या खुल्या संचात) आधीच असतो, वेगळं काही बसवावं लागत नाही, आणि कार्ड जुनं झालं तरी सुधारणा येत राहतात. माझी पहिली पसंती आरएक्स ६६००: ८ जीबी मेमरी, १३२ वॉट वीज, एकच ८-पिनची केबल. १०८०पीवर ते निवांत खेळवतं. हात त्याहून आखडता असेल तर सेकंडहँड आरएक्स ५७० किंवा ५८०, पण ८ जीबीवालंच. त्यामागच्या पिढ्यांत जाऊ नका. आरएक्स ६५०० एक्सटी नवं दिसतं म्हणून मोहात पडू नका: ४ जीबी मेमरी आणि पीसीआयईच्या (कार्ड आणि बोर्ड यांच्यातल्या जोडणीच्या) फक्त चार लेन, म्हणजे पीसीआयई ३ च्या जुन्या बोर्डावर ते आणखी अडखळतं. घरात एनव्हिडियाचं आरटीएक्स किंवा १६६० सारखं कार्ड पडून असेल तर खुशाल वापरा, चालतं. मात्र १०६० सारखी पास्कल पिढीतली कार्डं मुद्दाम विकत घेऊ नका, कारण त्यांच्यासाठी ड्रायव्हरची ५८० ही शेवटची मालिका आहे.

सेकंडहँड कार्ड बघायला जाताना मी खिशात एक पेनड्राइव्ह ठेवते. त्यावर लिनक्सची लाइव्ह आवृत्ती असते. विकणाऱ्याच्याच पीसीवर ती चालू करायची, व्हल्कनची एखादी चाचणी पंधरा-वीस मिनिटं पळवायची आणि तापमान, पंख्यांचा आवाज, पडद्यावर चट्टे-पट्टे येतात का ते पाहायचं. आरएक्स ५८० मध्ये एक गोम आहे. "२०४८एसपी" लिहिलेलं ५८० हे खऱ्या ५८० हून कमी ताकदीचं असतं: खऱ्यात २३०४ शेडर (ग्राफिक्सची गणितं करणारे घटक), यात २०४८, म्हणजे ५७० इतकेच. तेव्हा डब्यावरचं नाव सोडा, कार्डाच्या मागचं लेबल वाचा. विकणारा चाचणी करू देत नसेल तर मी नमस्कार करून निघते.

प्रोसेसरला रायझेन ५ ५६०० पुरेसा आहे: ६ कोअर, १२ थ्रेड, ३२ एमबी एल३ कॅश (प्रोसेसरच्या आतली वेगवान मेमरी). नाव जवळचं म्हणून ५५०० किंवा ५६००जी त्याच्या जागी घेऊ नका, दोघांत कॅश निम्मी आणि पीसीआयई ३ च. ५६००जी एकाच परिस्थितीत घ्यावा, कार्ड सहा महिन्यांनी घ्यायचं असेल तेव्हा. त्याच्या आतल्या ग्राफिक्सवर तोवर हलके गेम चालतात. ५६०० मध्ये मात्र आतलं ग्राफिक्स नाही, कार्ड लावल्याशिवाय पडदा काळाच राहणार. बोर्ड बी५५० चा, किंवा बायोस (बोर्डातलं मूळ सॉफ्टवेअर) अद्ययावत केलेला बी४५०. रॅम ८ जीबीच्या दोन पट्ट्या, डीडीआर४ ३२००. एकच १६ ची पट्टी घेऊन डुअल चॅनल (दोन पट्ट्या एकत्र वापरण्याचा वेग) घालवू नका, ५६००जी वर तर त्याचा फटका सरळ खेळात जाणवतो.

डिस्क १ टीबीची एनव्हीएमई (वेगवान एसएसडी). प्रोटॉन प्रत्येक गेमसाठी वेगळा विंडोजसारखा फोल्डर बनवतो, वर शेडरचा (इथे गेमच्या ग्राफिक्सच्या छोट्या प्रोग्रॅमांचा) साठा, त्यामुळे जागा अंदाजापेक्षा लवकर भरते. जुन्या विंडोजच्या एनटीएफएस डिस्कवरून गेम चालवायचा प्रयत्न बरेच जण करतात. करू नका. प्रोटॉनच्या फोल्डरमधली कोलनवाली नावं तिथे गोंधळ घालतात. गेमची डिस्क लिनक्सच्या ईएक्सटी४ किंवा बीटीआरएफएसमध्येच फॉरमॅट करा.

काटकसर कुठेही करा, एसएमपीएसवर (वीज पुरवणाऱ्या खोक्यावर) नको. नामांकित बनावटीचा, ८० प्लस ब्रॉन्झ, ५५० वॉटचा नवा घ्या. कॅबिनेट साधं असलं तरी चालेल, पुढून हवा आत येऊ दे म्हणजे झालं. वायफाय लागणारच असेल तर इंटेलचं एएक्स२०० किंवा एएक्स२१० कार्ड. यूएसबीचे अनोळखी डोंगल लिनक्सवर डोकं खातात. लॅनची वायर पोचत असेल तर प्रश्नच मिटला.

जोडणी विंडोज पीसीसारखीच, तेव्हा त्यावर फार लिहीत नाही. बोर्ड कॅबिनेटमध्ये घालण्याआधी त्याच्याच खोक्यावर ठेवून एकदा चालू करून पाहा. रॅम प्रोसेसरपासून मोजून दुसऱ्या आणि चौथ्या खाचेत. मॉनिटरची केबल बोर्डाला नव्हे, कार्डाला लावा, आणि शक्यतो डिस्प्लेपोर्टची: एचडीएमआय २.१ ची पूर्ण सोय एएमडीच्या खुल्या ड्रायव्हरला देण्यास एचडीएमआय फोरमने २०२४ मध्ये नकार दिला. मग बायोसमध्ये जाऊन एक्सएमपी (रॅम तिच्या छापील वेगाने पळवणारी सेटिंग) चालू करा, नाहीतर ३२०० ची रॅम २६६६ किंवा त्याहूनही खाली पळत राहील. तिथेच सीएसएम (जुन्या पद्धतीने चालू होण्याची सोय) बंद, आणि अबव्ह ४जी डीकोडिंग व रिसायझेबल बार चालू, म्हणजे प्रोसेसरला कार्डाची सगळी मेमरी एकदम वापरता येते. डिस्ट्रो टाकण्याआधी मेमटेस्ट८६+ या रॅमच्या चाचणीची एक फेरी होऊ द्या. रॅम खराब असेल तर पुढचे आठ दिवस तुम्ही विनाकारण लिनक्सला दोष देत बसाल.

डिस्ट्रोवरून वाद घालण्यात मला रस नाही. चालू करून थेट कंट्रोलर हातात घ्यायचा असेल तर बॅझाइट. त्याच पीसीवर अभ्यास, ऑफिसचं काम, आईबाबांची बिलं भरणं असेल तर लिनक्स मिंट. कार्ड बाजारात नुकतंच आलेलं असेल तर ताज्या कर्नल-मेसासाठी फेडोरा. स्टीम डिस्ट्रोच्या स्वतःच्या साठ्यातून किंवा व्हॉल्व्हच्या डेब फाइलमधून बसवा, स्नॅप आवृत्ती टाळा. सेटिंगमधल्या कंपॅटिबिलिटीत सगळ्या गेमसाठी प्रोटॉन चालू आहे ना ते पाहा. गेममधले व्हिडिओ काळे दिसले तर प्रोटॉनअप-क्यूटीमधून जीई-प्रोटॉन (प्रोटॉनची व्हॉल्व्हबाहेर सुधारलेली आवृत्ती) उतरवून त्या गेमला लावा. एपिक आणि जीओजी या दुकानांतल्या गेमसाठी हिरोइक हा लाँचर. एखाद्या गेमची लिनक्स आवृत्ती रखडत असेल तर त्याच गेमच्या प्रॉपर्टीजमध्ये जाऊन प्रोटॉन सक्तीने लावून बघा, पुष्कळदा विंडोजची आवृत्तीच जास्त नीट चालते.

शेवटी मँगोहड (खेळताना पडद्यावर वापराचे आकडे दाखवणारं साधन) बसवा आणि पहिले काही दिवस चालूच ठेवा. पडद्याच्या कोपऱ्यात कार्डाचा वापर ९५ टक्क्यांच्या वर दिसत असेल तर कार्ड आपलं काम पुरतं करतंय. फ्रेम कमी पडत असतील तर सावल्यांची सेटिंग खाली आणा किंवा एफएसआर (कमी रिझोल्यूशनचं चित्र मोठं करून दाखवणारी सोय) लावा. कार्ड साठ टक्क्यांवर रेंगाळतंय आणि प्रोसेसरचा एखादा कोअर मात्र पूर्ण भरलाय, असं दिसलं तर नवं कार्ड घेऊन काही उपयोग होणार नाही. आणि फ्रेमच्या वेळेची रेषा मधूनच उसळत असेल तर अर्धा तास खेळून पाहा. शेडर तयार होईपर्यंत तसं होतं, नंतर ती रेषा सपाट व्हायला हवी; नाही झाली तर आधी रॅम किती भरली आहे ते बघा.